स्वभावाला औषध नाही म्हणून…

प्रिय ‘भिडस्त भाऊ’,

तुमचं पाच पानी पत्र पोचलं. इतर वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही ४७ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात शेती आणि दुधाचा धंदा. आई-वडील दोघंही गेले. मागे दादा, तुम्ही आणि कराडला दिलेली धाकटी बहीण. गेल्या वर्षी दादांनी वडिलांच्या जमिनीचं हक्कसोड पत्र तयार करून आणलं, बहिणीनं सही केली, फेरफार होऊन सातबाऱ्यावर तुम्हा दोघा भावांची नावं राहिली. आता त्यातला एक तुकडा रस्त्याच्या रुंदीकरणात जातोय. मोबदला बरा मिळणार आहे आणि दादांनी त्याचे दोन हिस्से धरलेत. बहीण चकार शब्द बोलत नाही. भाऊबीजेला आली, ओवाळून गेली, जेवायला मात्र थांबली नाही. तेव्हापासून तुमचा डोळ्याला डोळा लागत नाही. बायको म्हणते, दादांशी बोला. तुम्ही म्हणता, मी पहिल्यापासून भिडस्त, दादांसमोर माझी जीभ रेटत नाही, स्वभावाला औषध नाही.

मग तालुक्याच्या वाचनालयात अस्तित्ववादावर, म्हणजे माणूस स्वतःच्या निवडीतून घडतो असं मानणाऱ्या तत्त्वज्ञानावर, एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं, त्यात ‘आत्मवंचना’ हा शब्द कानावर पडला आणि डोक्यात भुंगा सुरू झाला. तुम्ही विचारता: फसवणारा मी आणि फसणाराही मीच, हे होईल कसं? माझा खरा स्वभाव कोणता? आणि मी यात दोषी आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. दोषी की निर्दोष हे ठरवून घ्यायची माणसाला घाई असते, कारण निकाल लागला की खटला संपतो. तुमचा खटला अजून उभा आहे. रक्कम अजून जमा व्हायचीय.

पहिल्या प्रश्नावर मात्र बसू या, कारण तो अगदी रास्त आहे. मी तुम्हाला खोटं सांगते तेव्हा खरं काय ते मला ठाऊक असतं आणि तुम्हाला नसतं. खोट्याला दोन माणसं लागतात. एकाच माणसात हे बसवायचं कसं? मनोविश्लेषण मांडणाऱ्या फ्रॉइडनं मनाचे कप्पे केले. आतलं नकोसं काही वर येऊ नये म्हणून मध्ये पहारेकरी उभा केला. फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रनं १९४३ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, ‘बीइंग अँड नथिंगनेस’ नावाचा सातशेवर पानांचा ग्रंथ छापला. त्यात या पहारेकऱ्यालाच त्यानं पकडलं. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला परतवायचं हे पहारेकऱ्याला कळायला हवं, म्हणजे दडवलेलं काय आहे हे त्याला माहीतच असणार. मग कोडं सुटलं कुठे? माळ्यावरून उचलून दारात आणून ठेवलं, एवढंच.

सार्त्रचं स्वतःचं उत्तर जाणिवेपासून सुरू होतं. त्याच्या लेखी जाणीव म्हणजे आत काही साठवून ठेवलेली खोली नव्हे. ती सतत कशाकडे तरी वळलेली असते, आणि त्या वळलेपणाचं तिला अंधुक भानही असतं. तो सिगारेटी मोजण्याचं उदाहरण देतो. पाकिटातल्या सिगारेटी मोजत असताना माझं सगळं लक्ष सिगारेटींवर असतं. ‘मी मोजतोय’ असा विचार मनात नसतो. पण कुणी विचारलं, काय चाललंय, तर मी पटकन सांगतो, मोजतोय. आठवावं लागत नाही, शोधावं लागत नाही. म्हणजे भान होतंच, फक्त त्याकडे पाहिलेलं नव्हतं.

आत्मवंचनेची जागा नेमकी इथे आहे. खरं काय ते माहीत असतं, पण त्याच्याकडे वळायचं नाही, असं चाललेलं असतं. शिवाय सुरुवातीलाच एक सवलत घेतलेली असते: पुरावा थोडा कमी पडला तरी चालेल. झोप लागते तसं माणूस यात शिरतो, असं सार्त्र म्हणतो. ‘आता मी झोपलो’ असं कुणी ठरवून म्हणत नाही, पण पाठ टेकलेली असते, दिवा मालवलेला असतो आणि डोळे मिटलेले असतात.

तुमच्या पत्राचं तिसरं पान उघडा. प्रत ठेवली नसेल, तर मी सांगते काय लिहिलंय. दुय्यम निबंधक कार्यालयात नंबर लागला, बहीण कॉम्प्युटरसमोर बसली, तिचा फोटो आणि अंगठा घेण्याची वेळ आली, आणि तुम्ही आधार कार्डाची झेरॉक्स काढायला खाली उतरलात. पुढच्याच वाक्यात तुम्ही लिहिता की झेरॉक्सच्या दोन प्रती पिशवीत आधीच होत्या, ‘पण असू द्यावी आणखी एक’. वर आलात तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं. वकिलानं विचारलं असतं असंही नाही. पाच पानांत ही एक गोष्ट तुम्ही वेळ, जिना, दुकान यांच्यासकट लिहिली आहे. सिगारेटी मोजणाऱ्यासारखंच तुम्हाला पक्कं ठाऊक होतं की काय चाललंय.

सार्त्रच्या ग्रंथातला कॉफीगृहातला वेटर, वेटरचं सोंग जरा जास्तच हुबेहूब वठवणारा, सगळ्यांना माहीत असतो, व्याख्यानातही आला असेल. त्याला कॉफी देऊ द्या. तुम्हाला लागू पडते ती त्याच प्रकरणातली एक बाई. ती एका पुरुषाबरोबर पहिल्यांदाच बाहेर गेली आहे. बोलता बोलता तो तिचा हात हातात घेतो. हात काढून घेतला तर संध्याकाळ मोडते आणि राहू दिला तर होकार होतो. ती काय करते? हात तिथेच राहतो, पण आपण तो राहू दिलाय हे तिच्या लक्षात येत नाही, कारण नेमकी त्याच क्षणी ती आयुष्याबद्दल, उच्च विचारांबद्दल बोलण्यात रंगलेली असते. हात टेबलावर एखाद्या वस्तूसारखा पडून असतो, संमतीही देत नाही आणि विरोधही करत नाही. खरं सांगायचं तर हे उदाहरण मला पुरतं आवडत नाही. सार्त्र फार खात्रीनं त्या बाईच्या मनात शिरतो, आणि नको असलेला हात धरणाऱ्या पुरुषाला एकही प्रश्न विचारत नाही. वर्गात शिकवताना मुली यावर हटकून बोलायच्या आणि बरोबरच बोलायच्या. पण यंत्रणा त्यानं अचूक टिपली आहे. निर्णयाच्या क्षणी माणूस स्वतःचा एक तुकडा तिथे सोडतो आणि उरलेला घेऊन दुसरीकडे जातो. तुम्ही तुमचं नाव दस्तावर सोडलंत आणि पाय झेरॉक्सच्या दुकानात नेलेत.

आता खरा स्वभाव. ‘मी आतून कसा आहे’ असं तुम्ही वारंवार लिहिता. सार्त्रनं १९३६ मध्ये, पुढं आलेल्या मोठ्या ग्रंथाच्या कितीतरी आधी, एका छोट्या निबंधात हा ‘आत’च काढून टाकला होता. ट्राम सुटत असते आणि माणूस तिच्यामागे धावतो, तेव्हा त्याच्या जाणिवेत फक्त गाठायची ट्राम असते, ‘मी’ नसतो. ‘मी’ नंतर येतो, मागे वळून पाहिलं की. आणि तो येतो तो बाहेरचा म्हणून, दुसऱ्या कुणाबद्दल मत बनवावं तसा. एखाद्याला पाहून क्षणभर किळस येते, ही घडलेली गोष्ट असते. ‘मी त्याचा द्वेष करतो’ म्हटलं की त्या क्षणापलीकडचं, काल-उद्याचं सगळं आपण एका नावाखाली गोळा करतो. म्हणून भिडस्तपणा हा पित्ताशयातल्या खड्यासारखा पोटात बसलेला नसतो, की सोनोग्राफीत दिसावा. वेगवेगळ्या वेळी तुम्ही गप्प बसलात, त्या सगळ्या वेळांची मोळी बांधून तुम्ही तिला नाव दिलंत. आणि आता ती मोळीच आपल्याला गप्प बसवते, असं म्हणताय.

मोळी बांधताना काही काटक्या वगळल्याही आहेत. चौथ्या पानावर, बहुधा मला तुमची ओळख नीट व्हावी म्हणून, तुम्ही दूध संकलन केंद्रावरचा प्रसंग लिहिलाय. फॅट सारखी कमी लागत होती, तेव्हा तुम्ही सगळ्या गवळ्यांसमोर सचिवाला झापलंत, यंत्र पुन्हा तपासायला लावलंत, आणि तो गावातला वजनदार माणूस असूनही मागे हटला नाहीत. वाचून बरं वाटलं. पण तिथे भीड कुठे गेली होती? जिथे बोलल्यानं चार पैसे येतात तिथे तुमची जीभ चालते, आणि जिथे बोलल्यानं पैसे जातात तिथे स्वभाव आडवा येतो. हे कडू आहे, पण तुमच्याच दोन पानांमधून निघतं.

यावर तुम्ही म्हणाल, मी तर सगळं कबूल केलंय. हो, पत्राच्या शेवटी आहे ते: ‘मी भित्रा आहे, स्वार्थीही असेन, लपवत नाही.’ सार्त्रचा सर्वांत बोचरा मुद्दा इथेच आहे आणि व्याख्यानांत तो बहुतेक वेळा सुटतो. प्रामाणिक कबुली ही आत्मवंचनेवरची मात्रा आहे असं आपण धरून चालतो. तो म्हणतो, कबुली हीच तिची दुसरी चाल असू शकते. ‘मी वाईट आहे’ असं म्हणणारा माणूस स्वतःला एक वस्तू करून टाकतो. दगड दगड असतो तसा मी भित्रा आहे. दगडाकडून कुणी वेगळ्या वागण्याची अपेक्षा करत नाही. आणि त्याच दमात तो त्या वस्तूपासून सुटतोही, कारण तिच्याकडे बोट दाखवणारा, तिला ओळखणारा तो स्वतः असतो. भित्रा कोण, तर तो तिथला. इथे आहे तो प्रांजळ माणूस. म्हणजे दोन्हीकडून सुटका. बदलायला नको, कारण स्वभाव. आणि लाज नको, कारण कबूल केलं.

तुमच्यावर हे सगळं एकदम ओतणं अन्यायाचं होईल, कारण दादांचं तुमच्यावर खरंच ऋण आहे. वडील गेले तेव्हा तुम्ही शाळेत होता, त्यांनी कॉलेज सोडलं, तुमची फी भरली, बहिणीचं लग्न केलं. हे घडलेलं आहे आणि कुठल्याही तत्त्वज्ञानानं पुसता येत नाही. सार्त्रही ते पुसत नाही. जन्म, घर, भूतकाळ या सगळ्याला तो माणसाची वस्तुस्थिती म्हणतो आणि ती नाकारणं हीसुद्धा आत्मवंचना मानतो. तरी त्याचा तरुणपणीचा सूर फार ताठ होता. त्याचा सहकारी मॉरिस मेर्लो-पाँतीनं १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याला खोडून काढलं: वीस वर्षं ज्या न्यूनगंडात माणूस सुखानं राहिला, तो या क्षणी एका झटक्यात फेकून देईल हे तत्त्वतः शक्य असलं तरी संभवनीय नाही, सवयीला वजन असतं. पुढे १९६९ च्या एका मुलाखतीत सार्त्रनंच आपली जुनी वाक्यं वाचून आश्चर्य व्यक्त केलं, की असं मी खरंच मानत होतो? माझं मत मेर्लो-पाँतीच्या बाजूनं पडतं. दादांसमोर तुमच्या घशाला जी कोरड पडते ती नाटकी नाही. फक्त ती कोरड आणि तो दस्त, यांच्यामध्ये जेवढी जागा आहे तेवढीच तुमची, आणि तेवढी पुरे आहे.

आता बहिणीकडे. तुम्ही लिहिता, ‘तिनं हसत सही केली, कुणी जबरदस्ती केली नाही.’ महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या कायदादुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क तिला जन्मानंच मिळतो. कायद्यानं दिलेलं पुन्हा काढून घ्यायला आपल्याकडे हा हसत केलेला कागद आहे. नाही म्हटलं तर माहेर तुटतं, भाऊबीज तुटते, उद्या सासरी काही झालं तर परतायचं दार राहत नाही. या हिशोबात हसू कुठलं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

फ्रेंच लेखिका आणि तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारनं १९४७ च्या एका पुस्तकात इथे एक महत्त्वाची रेघ ओढली. ज्यांच्यापुढे दुसरी वाटच मोकळी ठेवलेली नाही, त्यांच्या मुकाट राहण्याला आत्मवंचना म्हणता येत नाही. वाट मोकळी असूनही जो तिकडे पाहत नाही त्याची गोष्ट वेगळी. शिवाय ती एका ‘गंभीर’ माणसाचं वर्णन करते, जो मूल्यं बाहेरून तयार आलेली आहेत असं धरून त्यांच्यामागे उभा राहतो. आपल्याकडे त्याचं वाक्य ठरलेलं आहे: ‘आमच्या घराण्यात बहिणी वाटणी मागत नाहीत.’ जणू घराणं म्हणजे कुणी भिंतीवर बसलेला पूर्वज आणि तुम्ही दोघं भाऊ म्हणजे नुसते हमाल. बहिणीनं काय मागायला हवं होतं हा तिचा प्रश्न. तो तुमच्या बाजूनं मांडू नका.

दिवाळीत तुम्ही निश्चय केला होता, तो मोडला, म्हणून तुम्ही खचलात. यात खचण्यासारखं काही नाही, पण निश्चयाबद्दलचा गैरसमज काढायला हवा. सार्त्र एका जुगाऱ्याबद्दल लिहितो. त्यानं मनापासून शपथ घेतलेली असते की आता खेळणार नाही. मग तो जुगाराच्या टेबलासमोर उभा राहतो आणि पाहतो तर कालची शपथ कालचीच असते. ती आठवते, पण त्याला धरून ठेवत नाही. धरून ठेवायचं तर तिथेच, त्याच क्षणी, ती नव्यानं करावी लागते. तुमचा दिवाळीतला निश्चय खोटा होता असं म्हणू नका. तो एकदा केला की काम झालं, असं धरलंत, तिथे चूक झाली. लक्ष्मीपूजनाला केलेला निश्चय भाऊबीजेपर्यंत आपोआप टिकत नाही. दोन दिवसांतही नाही.

सल्ला मागताय, तर सल्ल्याबद्दलची गोष्टही सांगायला हवी. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये सार्त्रनं एक जाहीर व्याख्यान दिलं. त्यात आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. त्याचा मोठा भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, वडिलांचा कल जर्मनांशी हातमिळवणी करण्याकडे, आई याच्याच आधारानं जगत होती. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात सामील व्हावं की आईजवळ राहावं, हे विचारायला तो सार्त्रकडे आला. सार्त्र त्याला म्हणाला, तू मुक्त आहेस, निवड. लोक अजून चिडतात या उत्तरावर, की हा कसला गुरू. पण त्याआधीचं त्याचं म्हणणं मोलाचं आहे: सल्ला कुणाकडे मागायचा हे ठरवतानाच माणूस निम्मी निवड करून बसलेला असतो. धर्मगुरूकडे जाणाऱ्याला धर्मगुरू साधारण काय सांगेल हे ठाऊक असतं.

तुम्ही वकिलाला लिहिलं नाहीत. वकिलानं सांगितलं असतं की नोंदणीकृत हक्कसोड सहजासहजी रद्द होत नाही, आणि तुम्हाला हायसं वाटलं असतं. दादांच्या मेव्हण्याला विचारलं नाहीत, तो काय म्हणाला असता ते तुम्हीच लिहिलंय. तुम्ही या सदराला लिहिलंत, जे निवृत्त शिक्षिका लिहिते आणि जिला सातबाऱ्यातलं फार काही कळत नाही. म्हणजे काय ऐकायचं होतं ते तुम्हाला माहीत असावं. अर्थात या निवडीचीही एक पळवाट आहे: पत्र टाकलंय, उत्तर येऊ दे, तोवर काय करणार. सदर ही लपायला चांगली जागा असते. म्हणून उत्तर लांबवत नाही.

पाच पानं तुम्ही एकाच गोष्टीवर खर्च केलीत, दादांशी कसं बोलू. जरा कागद घ्या. तीन भावंडं, तर कुणाचाही हिस्सा एक तृतीयांश. दादांनी दोन भाग केले, म्हणून तुमच्या खात्यात निम्मी रक्कम येणार. निम्म्यातून एक तृतीयांश वजा करा, उरतो एक षष्ठांश. म्हणजे तुमच्या खात्यात जी रक्कम येईल तिचा तिसरा भाग तुमचा नाही. तो बहिणीला द्यायला दादांची परवानगी लागत नाही, दस्त रद्द करावा लागत नाही, त्यांच्यासमोर तोंडही उघडावं लागत नाही. ही वाट कायम मोकळी होती. पाच पानांत तिचा उल्लेख नाही. हिशोबाला तुम्ही कच्चे नाही, फॅटचे पॉइंट तोंडी मोजता.

दादांशी बोलणं वेगळं. तेही व्हायला हवं, कारण त्यांच्याकडचा षष्ठांश तसाच राहतो आणि उरलेल्या जमिनीचा प्रश्नही आहे. पण ते अवघड काम पुढे ठेवून तुम्ही सोपं काम झाकलंत. आधी आपलं करा. कदाचित दादांपर्यंत ते तुमच्याआधी पोचेल आणि घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोलणार नाही. होऊ दे. कागदपत्रं आणि कर याबद्दल मात्र एखाद्या जाणकाराला विचारून घ्या, ते माझ्या कक्षेतलं नाही.

देताना एक सांभाळा. ‘भाऊ म्हणून देतोय’ असं म्हणू नका, साडीचोळीच्या ताटात ठेवून देऊ नका, चार लोकांत तर मुळीच नको. मग त्याचं दान होतं आणि तिला पुन्हा हसावं लागतं. आणि दिल्यावर ती पूर्वीसारखी जेवायला थांबेल, अशी अटही मनात ठेवू नका. ती तुमच्याकडे कशी पाहते हे तुमच्या हातात नाही, पैसे दिल्यावरही येणार नाही. तुमची रात्रीची झोप परत यावी म्हणून हे करायचं नाही. आली तर आली.

ती पहिल्यांदा नको म्हणेल. आपल्याकडच्या बहिणी पहिल्यांदा नकोच म्हणतात, आणि तुम्हाला तो नकार ऐकून सुटल्यासारखं वाटेल. त्या क्षणी ‘बघ, मी तर विचारलं होतं’ हे वाक्य तयार व्हायला लागेल. म्हणून ‘घेशील का’ असं विचारूच नका. कराडला तिच्या घरी जा, बायकोला बरोबर न्या, रक्कम किती आली आणि त्यातली तिची किती ते आकड्यात सांगा, आणि तिच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून आणा.